अस्वलांची दिवाळी

आईला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला, तेव्हा आम्हाला जयपूरला येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. साताऱ्याहून बदली झाली आणि आम्ही ट्रंका, पाटा-वरवंटा, देव असं सगळं घेऊन गाड्या बदलत बदलत इथे पोचलो. बनीपार्कात एका घराचा खालचा भाग भाड्याने मिळाला. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहत. त्यांना सगळा मोहल्ला माँसा म्हणे. धाकट्याला ते 'मासा' असं ऐकू यायचं आणि त्या जिन्यावरून उतरताना दिसल्या की तो ओरडायचा, "मासा आला, मासा आला!" माँसांना त्यातलं काही कळायचं नाही. त्या त्याच्या गालावरून हात फिरवून पुढे जायच्या.

आम्ही तिघं. ताई सगळ्यात मोठी, अकरा वर्षांची. मी आठ. धाकटा नुकता चालायला-बोलायला लागला होता.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, हवा मानवत नाही. मग खोकला सुरू झाला. मग एक्स-रे काढला. एके दिवशी शाळेतून आलो तर आईचं ताट, वाटी, पेला आणि फुलपात्र वेगळ्या फळीवर ठेवलेलं होतं आणि आई अंगणात टांग्यात बसलेली होती. शहराबाहेर क्षयाच्या रोग्यांचं रुग्णालय होतं, तिथे ती निघाली होती. धाकटा माँसांच्या कडेवर होता आणि टांग्याच्या घोड्याकडे बोट दाखवून हसत होता. आई आमच्याकडे बघत होती, पण तिने कुणालाच जवळ बोलावलं नाही. टांगा वळला, तेव्हा ताई म्हणाली, "आईने चपला नाही घातल्या." वडील चपला घेऊन टांग्यामागे धावले.

साताऱ्याहून आजी आली. ती काही महिने राहिली, पण तिकडे काकूचं बाळंतपण निघालं आणि तिला परत जावं लागलं. वडील ताईला म्हणाले, "एवढ्या वर्षापुरती शाळा राहू दे. पुढच्या वर्षी बसशीलच." ताई 'हो' म्हणाली. तिने तिची पुस्तकं कपाटात वरच्या खणात ठेवली, आणि त्या दिवसापासून घर तिच्याकडे आलं.

रविवारी वडील रुग्णालयात जात, तेव्हा कधी कधी ताईला आणि मला बरोबर नेत. आम्ही कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली उभे राहायचो. लांबवर एक व्हरांडा होता, त्यात ओळीने खाटा होत्या. त्यातल्या एका खाटेवरून कुणीतरी हात वर करायचं. ती आई. मी डोळे बारीक करून बघायचो, पण चेहरा काही दिसायचा नाही. धाकट्याला मात्र कधीच नेलं नाही. डॉक्टरांनी तशी ताकीदच दिली होती.

ताईचं आणि माझं पटत नव्हतं. आई असताना आम्ही भांडायचो ते नेहमीच्या भावंडांसारखं. आता ताई सांगायची आणि मी ऐकायचं असं झालं होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. पाणी भर म्हणाली की मी बादली अर्धी भरायचो. धाकट्याला सांभाळ म्हणाली की मी त्याला घेऊन गल्लीत निघून जायचो. ती चिडून म्हणायची, "मतलब, मी एकटीनेच करायचं का सगळं?" मी म्हणायचो, "तू काय आई आहेस का?"

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शेगडीवर दूध होतं. मी आणि ताई चिमटा ओढत होतो, कशावरून ते आता आठवत नाही, आणि पातेलं कलंडलं. दूध निखाऱ्यांवर गेलं, घरभर धूर झाला. कुणाला भाजलं नाही, पण धाकटा इतका घाबरला की टेबलाखाली शिरला आणि बाहेरच येईना. वडील ऑफिसातून आले, त्यांनी सगळं बघितलं. रागावले नाहीत. टेबलाखाली वाकून धाकट्याला म्हणाले, "रविवारी सिनेमाला जायचं का रे?"

रविवारी सकाळी एका थिएटरात मुलांसाठी खेळ लागत असे. आम्ही पहिल्यांदाच जात होतो. मोठा सिनेमा कोणता होता ते मी साफ विसरलो आहे. त्याच्या आधी एक छोटं कार्टून दाखवलं, ते मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

एक अस्वलीण आणि तिची तीन पिल्लं. अस्वलीण डोक्याला रुमाल बांधून, हातात टोपली घेऊन बाहेर जायला निघते. जाताना पिल्लांना बोट उगारून काहीतरी बजावते. ते इंग्रजीत होतं, पण 'भांडू नका, घर आवरून ठेवा' हे कुठल्याही भाषेत कळतं. दार उघडल्यावर बाहेर पांढरं काहीतरी भुरभुर पडताना दिसलं. धाकटा मोठ्याने म्हणाला, "ताई, कापूस!" मागच्या खुर्चीवरचा माणूस म्हणाला, "रुई नहीं बेटा, बर्फ़ है."

आई गेल्याबरोबर पिल्लांची भांडणं सुरू झाली. घरात एक झाड आणून उभं केलेलं होतं. त्याच्यावर चांदणी कुणी लावायची यावरून मोठं पिल्लू ओढतंय, मधलं ओढतंय. धाकटं पिठाच्या पोत्यात पडलं. शेवटी झाड आडवं झालं, सगळे रंगीत गोळे घरभर घरंगळले. तिन्ही पिल्लं तीन कोपऱ्यांत तोंड फिरवून बसली. थिएटर हसत होतं. मी ताईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

मग सगळ्यात धाकटं पिल्लू उठलं. त्याने एक गोळा उचलला आणि मधल्याच्या हातात दिला. मधल्याने थोडा वेळ फुरंगटून तो मोठ्याला दिला. मोठ्याने झाड उभं करून तो टांगला. पुन्हा एक गोळा. पुन्हा एक. बघता बघता तिघांची साखळी झाली, या हातातून त्या हातात, मागे वाजंत्री वाजतेय, आणि घर उभं राहत गेलं. शेवटी दार उघडलं आणि अस्वलीण आत आली.

वडील इतका वेळ मोकळेपणाने हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा ते थांबले आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले.

परतताना टांग्यात मी विचारलं, "बाबा, ही कसली दिवाळी होती त्यांची?"

"नाताळ. त्यांचा मोठा सण."

"आणि त्यांची आई कुठे गेली होती?" ताईने विचारलं.

"बाजारात गेली असेल."

"एवढा वेळ?"

टांगेवाल्याने घोड्याला टिचकारी दिली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ताई दारातच उभी. म्हणाली, "हे बघ, मोठं अस्वल मी. मधलं तू. हे धाकटं. मी सांगणार नाही आणि तू ऐकायचं नाही. नुसतं हातातून हातात द्यायचं." मला हे आवडलं. अस्वल व्हायला माझी काही हरकत नव्हती. 'तू काय आई आहेस का' हे अस्वलाला म्हणता येत नाही.

त्याच आठवड्यात वडिलांनी सांगितलं, की डॉक्टरांनी आईला दिवाळीत थोड्या वेळासाठी घरी यायची परवानगी दिली आहे. पाडव्याला दुपारी यायचं, जेवायचं, उन्हं कलायच्या आत परत जायचं. तिने व्हरांड्यात बसायचं. तिची भांडी वेगळी. मुलांनी जवळ जायचं नाही. धाकट्याला तर अजिबात नाही.

मग आम्ही काय काय केलं! जयपुरात दिवाळीआधी घरोघर पुताई होते. आम्ही माँसांकडून चुन्याची बादली आणली. ताई शिडीवर, मी खाली बादली धरून, आणि धाकटा सांडलेला चुना फडक्याने पुसायला. तो पुसायचा कमी, फासायचा जास्त. आकाशकंदिलाला बांबूच्या कामट्या कुठून मिळणार? पण या गावात पतंगांना तोटा नव्हता. मी पतंगवाल्याकडून काड्या आणि तलम कागद आणला, ताईने पिठाची खळ शिजवली, मी सांगाडा बांधला. काड्या बांधताना एकाने धरावं लागतं आणि दुसऱ्याने दोरा गुंडाळावा लागतो, हे मला तेव्हा समजलं. अंगणात रांगोळीऐवजी माँसांनी ताईला मांडणा शिकवला. गेरूने सारवलेल्या जमिनीवर बोटाने पांढऱ्या खडूचं पाणी ओढत न्यायचं. माँसा म्हणत, "हाथ मत उठा छोरी, लकीर टूट जाएगी." ताईची रेघ तुटली नाही.

फराळाची भाजणी आजीने साताऱ्याहून पार्सलने पाठवली होती. चकल्या पहिल्या दिवशी तेलात विरघळल्या. ताई सोऱ्या हातात धरून नुसती बघत राहिली. मला वाटलं आता ही रडणार, किंवा माझ्यावर ओरडणार. ती म्हणाली, "पीठ घट्ट भिजवू." दुसऱ्या दिवशी जमल्या. शंकरपाळ्यांना ताई पोळी लाटायची, मी कातण्याने कापायचो आणि धाकटा एकेक शंकरपाळा उचलून ताटात ठेवायचा. तो प्रत्येक शंकरपाळ्याला 'गोळा' म्हणायचा. त्याच्यासाठी आम्ही अजून त्या कार्टूनमध्येच होतो.

त्या दिवसांत आम्ही एकदाही भांडलो नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. आम्हा दोघांना कुठेतरी असं वाटत होतं, की आपण नीट केलं तर दार उघडेल, आई आत येईल आणि मग ती जाणार नाही. आम्ही हे एकमेकांना बोललो नव्हतो. ताईने मला नंतर, खूप वर्षांनी सांगितलं, की तिलाही अगदी हेच वाटत होतं.

पाडव्याला टांगा आला. वडिलांनी व्हरांड्यात वेताची खुर्ची मांडून तिच्यावर बगरूची छापील चादर घातली होती. आई फाटकातून आत आली आणि मांडण्याच्या कडेला थांबली. आम्ही तिला दोन वर्षांनी इतक्या जवळून पाहत होतो. ती गोरी झाली होती, आणि पातळ तिच्या अंगावर कुणीतरी वाळत घातल्यासारखं दिसत होतं. तिने मांडणा पाहिला, कंदील पाहिला, चुना दिलेल्या भिंती पाहिल्या.

"कुणी केलं गं हे सगळं?"

"आम्ही," ताई म्हणाली. "तिघांनी."

आई मांडण्याला वळसा घालून खुर्चीवर येऊन बसली. धाकटा ताईच्या परकराला धरून मागे उभा होता. आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग पदराचं टोक तोंडाशी धरून म्हणाली, "केवढा झालास रे! दिसू दे की मला. ये, पुढे ये. लांबूनच."

धाकट्याने मान वर करून ताईला विचारलं, "ताई, ह्या काकू कोण?"

पाहुण्यांना काकू म्हणायचं, 'ह्या' म्हणायचं, हे ताईनेच त्याला शिकवलं होतं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ती घाईघाईने म्हणाली, "अरे वेड्या, आई आहे ती! आपली आई! फोटो दाखवते ना मी तुला रोज?"

धाकट्याने आईकडे नीट पाहिलं. फोटोतली आई गुबगुबीत होती आणि तिच्या अंबाड्यात फूल होतं. तो म्हणाला, "नाही."

वडील काहीतरी बोलायला गेले, पण आईने हात केला. ती हसली. म्हणाली, "असू दे. काकूच मी. लांबच्या गावची काकू. फराळाला आलेय तुमच्याकडे. देणार ना मला?"

"देणार," धाकटा म्हणाला.

आईचं ताट ताईने वाढून आणलं आणि वडिलांनी ते तिच्यासमोर ठेवलं. आईने चकली मोडली, खाल्ली. ताई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "माझ्यापेक्षा खुसखुशीत झालीय," आई म्हणाली. मला वाटलं ताई खूश होईल. ती नुसती मान खाली घालून परकराची कड चोळत राहिली.

जेवल्यावर आई उठली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आत गेली नाही. चौकटीला हात न लावता उभी राहिली आणि डब्यांवरून नजर फिरवत म्हणाली, "मीठ कुठे असतं आता?"

"खालच्या फळीवर," ताई म्हणाली. "मला वरचं पुरत नव्हतं म्हणून. आधीच्या जागी ठेवू का? आत्ता ठेवते."

"नको. तुझा हात तिथे जातो ना? मग तिथेच असू दे."

उन्हं कलू लागली, टांगेवाला फाटकाशी येऊन उभा राहिला. आई निघाली तसा धाकटा एकदम आत पळाला आणि मुठीत एक शंकरपाळा घेऊन आला. काकू रिकाम्या हाताने चालल्या होत्या, एवढंच त्याला कळलं असावं. तो आईच्या दिशेने धावायला लागला. वडील ओरडले, "अरे, थांब!" तो दचकून जागच्या जागी थांबला. सगळेच थांबले. आई दोन पावलं मागे सरकली होती आणि तिने तोंडावर पदर घट्ट दाबून धरला होता.

मग ताई म्हणाली, "गोळा आहे ना तो? इकडे दे. गोळा कसा द्यायचा?"

धाकट्याने तो माझ्या हातात दिला. मी ताईला दिला. ताईने वडिलांना दिला आणि वडिलांनी आईच्या तळहातावर ठेवला. आईने मूठ मिटली. ती टांग्यात बसली, टांगा वळला, दिसेनासा झाला. तिने तो खाल्ला की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. ताईने आम्हा दोघांना पाटावर बसवून ओवाळलं. ओवाळता ओवाळता तिने मनगटाने डोळे पुसले. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "निरांजनाचा धूर गेला डोळ्यात." निरांजन तर स्वच्छ जळत होतं.

आई बरी झाली. हे मला आवर्जून सांगायला हवं, कारण त्या काळी अशा गोष्टींचा शेवट बहुधा दुसराच व्हायचा. नवी इंजेक्शनं आली होती, ती तिला लागू पडली. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती कायमची घरी आली. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं आणि डॉक्टरांनी शेगडीच्या धुराजवळ जायला सक्त मनाई केली होती. त्यामुळे स्वयंपाक ताईकडेच राहिला. ताई शाळेत जाऊन पाहून आली, पण तिच्या बरोबरीच्या मुली खूप पुढे गेल्या होत्या. माझ्याएवढ्या मुलींच्या बाकावर ती काही दिवस बसली, आणि मग एक दिवस गेली नाही. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही.

धाकटा आईला आई म्हणायला शिकला. पण खेळताना पडला, गुडघा फुटला, की तो आईसमोरून धावत ताईकडे जायचा. आई तेव्हा हातातलं विणकाम तसंच धरून बसलेली असायची. ती कधी त्याला हाक मारायची नाही.

एकदा दुपारी मी अभ्यास करत बसलो होतो. ताई गहू निवडत होती आणि आई शेजारी बसली होती. आई अचानक म्हणाली, "तू माझ्याशी जरा भांड की गं."

ताईने वर पाहिलं. "का?"

"तुझ्या वयाच्या मुली आईशी भांडतात. मी माझ्या आईशी किती भांडायची. मी घरी आल्यापासून तू मला एकदाही उलटून बोलली नाहीस. मी पाहुणी असल्यासारखी वागतेस."

ताईने गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग हळूच म्हणाली, "कशावरून भांडू?"

आईने सूप आपल्याकडे ओढलं आणि दोघी मिळून गहू निवडू लागल्या.

ताईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. स्थळ कऱ्हाडचं, चांगलं होतं. तिला पोचवायला आम्ही सगळे जयपूर स्टेशनवर गेलो. माँसाही आल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत जास्त रडत होत्या. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा झाला होता. तो रडला नाही. गाडी हलली, तेव्हा तो खिडकीबरोबर चालू लागला, मग धावू लागला, आणि फलाटाच्या टोकाला जाऊन थांबला. मी त्याला आणायला निघालो, तर आई म्हणाली, "थांब, मी जाते."

तिला धाप लागायची, म्हणून ती सावकाश चालत गेली. मी मागून काही अंतर ठेवून गेलो. ती त्याच्याजवळ उभी राहिली. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, असं तिचं झालेलं मला पाठमोरं दिसत होतं. शेवटी तिने ठेवला.

"मी आहे ना रे," ती म्हणाली.

"हो आई," धाकटा म्हणाला. अगदी शहाण्यासारखं, समजूतदारपणे म्हणाला. परक्या मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून मुलं म्हणतात तसं.

घरी आल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. आता आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह आला होता, धूर नव्हता. आईने स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि धाकट्यासाठी दूध कोमट केलं. मग कपाकडे बघत ती थांबली आणि तिने त्याला विचारलं, "तुला साखर किती लागते रे?"

"दोन चमचे," तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "ताई दीडच घालायची."

आईने दोन घातले. तो दूध प्यायला आणि कप स्वतः धुऊन पालथा घातला. आई ओट्याशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती.